तिसऱ्यांदा विचारलंच नाही

आर्लन ट्वाइट मिनेसोटातल्या आमच्या गावात रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचा. निवृत्त झाला तेव्हा पुतणीने त्याच्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला. बँड सांभाळायचा खेळ. गाणारे-वाजवणारे नेमायचे, गावोगाव फिरवायचे, त्यांचे रुसवे काढायचे. ज्या माणसाने जन्मात एक मांजर पाळलं नाही, तो ड्रमवाल्याची झोप पुरी होते का या काळजीने सुकायला लागला.

गायिकेला त्याने नाव दिलं मार्लिस. खरी मार्लिस चर्चच्या स्वयंपाकघरात कॉफी करते, विधवा आहे, आणि आर्लनचा शाळेपासून तिच्यावर जीव आहे. हे अख्ख्या मिनेसोटाला ठाऊक. पण बोलायची हिंमत नाही.

खेळातला बँड डबघाईला आला. थंडी संपायच्या आत गाण्यांच्या मोठ्या कंपनीशी करार झाला नाही तर मार्लिस सोडून जाणार, असं पडद्यावर स्पष्ट लिहून आलं. आर्लनचं जेवणातलं लक्ष उडालं. एका दुपारी मी शेजारीच बसलो होतो आणि कंपनीचा निरोप आला : करार देतो, घेणार?

आर्लनने ‘नको’ दाबलं.

“अरे, वेड लागलंय का तुला?” मी ओरडलो.

“पहिल्याच विचारण्याला हो म्हणू? हावरट दिसतं ते.”

आता यात त्याचं चुकलं असं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू? आमच्याकडे कुणी केक पुढे केला तर दोनदा ‘नको, उगाच कशाला’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. पाळण्यापासूनची सवय. तेवढ्यात खेळाने विचारलं, ‘नक्की नको?’

“बघ, आग्रह करतायत! चांगल्या घरची माणसं दिसतात.” आर्लन खुलला. त्याने ‘नक्की’ दाबलं आणि हात मांडीवर ठेवून तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला.

आग्रह आला नाही. करार दुसऱ्याच बँडला गेला, मार्लिसने बॅग भरली. आर्लन ढसाढसा रडला. मला हसू यायला हवं होतं, पण मी त्याला माझा रुमाल दिला.

बातमी गावभर झाली. आमच्याकडे दुःख झालं की घरी ओव्हनमध्ये भाजलेली खिमा-बटाट्याची हॉटडिश पोचते. दुःख कसलं ही चौकशी नंतर. आर्लनच्या ओट्यावर जागा उरली नाही. पाद्रीणबाईंनी रविवारच्या प्रार्थनेत बँडचं नाव घेतलं, ड्रमवाल्याचं तर वेगळं घेतलं. शेवटी, मी तिथेच असताना, खरी मार्लिस आली, हातात गरम भांडं घेऊन.

“मी तुला सोडून गेले म्हणे,” ती म्हणाली.

“तुझी काही चूक नव्हती. तू पुष्कळ वाट बघितलीस.”

“बघितलीच.” तिने भांडं ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही, माझ्या हातात दिलं. “शनिवारी जेवायला ये माझ्याकडे.”

“नको गं, उगाच कशाला त्रास.”

“नक्की नको?”

आर्लन पांढराफटक पडला. त्याची नजर कॉम्प्युटरकडे गेली, मग तिच्याकडे. ती कोटाची बटणं लावायला लागली होती.

“नको नाही! हवंय! येतो!” तो किंचाळला. “आत्ता येतो!”

“शनिवारी,” मार्लिस म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती.

गाव अजून नावं ठेवतं. दुसऱ्याच विचारण्याला हो म्हणाला, काय हा अधाशीपणा! परवा चर्चमध्ये कुणीतरी तिच्यासमोरच हे काढलं. तिने शांतपणे त्या बोलणाऱ्याच्या कपात कॉफी ओतली.

“बरं झालं तो हो म्हणाला,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा मी विचारणारच नव्हते.”