वऱ्हाडीत बांधलेला पूल

मतदानाच्या आधीचा शेवटचा रविवार. बार्शीटाकळी रस्त्यालगतचं मैदान. खुर्च्या दोन हजार, पंखे चाळीस, मंचावर अकरा माणसं. बाराव्या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते मला कळेना.

मी अकोल्याच्या कोषागारात लेखापाल. लोकसभेची निवडणूक आली की आमच्यापैकी काही जणांना खर्चाच्या पथकात घालतात. सभेला जायचं, वस्तू मोजायच्या, छापील दरपत्रकातला दर लावायचा आणि ती रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरायची. चहापासून ढोलापर्यंत सगळ्याचा दर ठरलेला असतो. हा बारावा माणूस दुभाषी होता, आणि दुभाष्याचा दर नव्हता.

सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. "मानधन किती ठरलं?"

"शून्य लिहा."

"शून्य चालत नाही. काहीतरी किंमत धरावी लागते."

त्यांनी माझ्या हातातलं दरपत्रक घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वरून खाली सगळं वाचलं. "समोसा आहे, खुर्ची आहे, बँडवाला आहे. मी कुठीच नाई. मंग मी फुकटच आहो ना, सायब!"

त्यांना सगळे बाबूजी म्हणत. रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. निम्मी नोकरी सिकंदराबादच्या बाजूला गेली, त्यामुळे तेलुगू पक्की. निवृत्त झाल्यावर ते जवळच्याच आपल्या गावी परतले. गाव भाजीपाल्याचं. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर.

तेलुगूची वऱ्हाडात गरज काय, असं तुम्ही विचाराल. दिल्लीत कुणा एकाचे आकडे जुळत नव्हते, म्हणून पाच पक्षांची आघाडी झाली होती. त्यातला एक पक्ष शेजारच्या राज्यातला. त्याचे मोठे नेते आमच्या उमेदवारासाठी आले. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी अडखळत होती आणि तेलुगू धो धो वाहत होती.

बाबूजींची एक रीत होती. नेत्याचं वाक्य लांबलं की ते सरळ त्याच्यासमोर तळहात धरायचे. "थांबा, आधी मले समजू द्या." मोठा माणूसही गप्प बसायचा. मग बाबूजी माईक जवळ ओढून वाक्य सांगायचे, आणि ते 'साहेब म्हणतात' असं कधीच म्हणायचे नाहीत. 'मी' म्हणायचे. 'मी तुमच्यासाठी आलो. मी तुमाले इचारतो.' एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मधी 'साहेब म्हणते' घातलं का बोलणं शिळं होते. लोक म्हणतात, साहेब म्हणते त म्हणू दे."

त्या सभेत नेते रस्त्यांबद्दल बोलत होते. बाबूजींनी तळहात धरला, ऐकून घेतलं आणि माईकवर म्हणाले, "मी तुमच्या नाल्यावर पूल बांधून देईन!"

मैदान उठून उभं राहिलं. सगळ्यात पुढे कमलाबाई होती, बाबूजींच्याच गावची माळीण. अकोल्याच्या बाजारात आमच्या घरची भाजी मी तिच्याकडूनच घेतो. तिच्या गावाला नाल्यावर नुसता रपटा आहे, बुटका. पाऊस लागला की पाणी त्याच्यावरून जातं आणि गाव तुटतं. तोडलेला भाजीपाला अलीकडे सडतो आणि बाजार पलीकडे भरतो.

गावाने एका माणसासारखं मत दिलं. उमेदवार निवडून आला. आघाडीचं सरकारही बसलं. दीडेक वर्षाने तेलुगू नेते रुसले आणि समोरच्या युतीत जाऊन बसले. पूल काही झाला नाही.

आता गंमत पाहा. गाव खासदाराकडे गेलं नाही, तेलुगू नेत्याला तर कुणी शोधलंच नाही. सगळे बाबूजींच्या ओट्यावर आले.

"काऊन बा बाबू, पूल कुठी आहे?" कमलाबाई वयाने मोठी, ती त्यांना अरेतुरेच करायची.

"बाई, ते साहेब बोलले होते."

"कोन्ता साहेब? त्याचं त मले एक अक्षर समजलं नाई. तुनं सांगतलं, मी बांधून देईन. माह्या कानानं ऐकलं म्या."

हे मला तिनेच बाजारात सांगितलं, वांगी तोलता तोलता. पुढे जोडलं, "तुमच्या दोस्ताले सांगा, पुलावरून येत जा म्हणा."

दोस्त ही खरी गोष्ट. त्या सभेनंतर बाबूजी अकोल्याला आले की माझ्याकडे चहाला थांबत. एकदा त्यांनी भरलेला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "सायब, एक सांगतो. तो पूल म्हणलाच नव्हता."

"मग?"

"रस्ते म्हणला. गावं जोडू, असं काईतरी. समोर कमलाबाई बसून होती. मले वाटलं, हा एवढं वाटूनच राहिला, त आपला पूल त्याच्यात घालून देऊ. साहेबाच्या तोंडून गेलं म्हणजे पक्कं होते."

ते हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. "तो तेलुगूत खोटं बोलला, कोणाले समजलं नाई. मी वऱ्हाडीत बोललो, साऱ्याईले समजलं."

पावसाळा आला तेव्हा त्यांनी बाजारातून जाड दोर घेतला आणि या काठच्या बाभळीपासून त्या काठच्या बाभळीपर्यंत बांधला. सकाळी बायका टोपल्या घेऊन यायच्या तेव्हा बाबूजी रपट्याच्या मधोमध दोर धरून उभे असायचे, पाणी मांडीपर्यंत. टोपली एका हातातून घ्यायची, दुसऱ्या हातात द्यायची. पाणी फार चढलं की हात आडवा करून बायकांना परत पाठवायचे. तोच तळहात. वय सत्तरीला टेकलेलं. गावातली पोरं लांबून ओरडायची, "ओ पूल! सरका जरासे!"

पाच वर्षं झाली. पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच मैदान, पुन्हा खर्चाच्या पथकात मी. या खेपेला तेलुगू नेते समोरच्या उमेदवारासाठी आले. मागच्या वेळी ज्याला त्यांनी चोर म्हटलं होतं, त्याच्याच खांद्यावर हात. दुभाषी म्हणून बाबूजींनाच बोलावलं. त्या उमेदवाराचा माणूस घरी येऊन सांगून गेला होता, "बाबूजी, यावेळी पूल शंभर टक्के."

सभेआधी मी त्यांना म्हणालो, "कशाला जाता?"

"या खेपेले त्याच्याच तोंडून 'पूल' काढतो. मंग मी सुटलो."

कमलाबाई पुढच्याच रांगेत होती. तोंड वाकडं करून, पण होती.

नेते तापले होते. एक लांब वाक्य आलं. बाबूजींनी सवयीने तळहात धरला, ऐकलं आणि माईक जवळ घेतला. पण बोलले नाहीत. नेत्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मैदानात कुजबुज सुरू झाली.

मग बाबूजी हळू आवाजात बोलले. "हे साहेब म्हणते," आणि 'साहेब म्हणते' हे शब्द माईकवर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले, "साहेब म्हणते, मागच्या खेपेले ज्यानं तुमाले खोटं सांगतलं, त्याले घरी बसवा. आता मी सांगतो. पूल मी म्हणलो होतो. साहेब म्हणले नव्हते. तो पूल माह्या तोंडचा होता. मले घरी बसवा."

कुणीतरी माईक बंद केला. मागच्या लोकांना ऐकूच गेलं नव्हतं, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. नेत्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं, हा काय म्हणाला? कार्यकर्ता हुशार. हिंदीत म्हणाला, "आपकी तारीफ कर रहा है, सर." नेते खूश झाले. गळ्यातली शाल काढून त्यांनी बाबूजींच्या खांद्यावर घातली आणि त्यांचा हात धरून वर केला. फोटो निघाले.

मी पुढच्या रांगेकडे पाहिलं. कमलाबाई उठून चालली होती.

तुम्हाला वाटेल, खरं बोलला म्हणून गावाने त्यांना जवळ केलं असेल. तसं झालं नाही. आजवर गावाला नेता खोटारडा वाटत होता आणि बाबूजी नुसते बेभरवशाचे. आता खोटारडा कोण ते गावाला कळलं. नेता सुटला. मतंही त्याच्या उमेदवारालाच गेली. दिल्लीत आकडे जुळायला त्या एका जागेचा उपयोग झाला, असं वर्तमानपत्रात आलं. आणि बाबूजी म्हणाले होते तसे, ते घरी बसले. ओट्यावर कुणी येईना.

पावसाळ्यात मात्र ते पुन्हा रपट्यावर उभे राहिले. कमलाबाई टोपली द्यायची, पण बोलायची नाही. एका सकाळी टोपली देताना त्यांनी तिच्या डोक्यावर घडी केलेली ती शाल ठेवली. "बाई, पुलाचं मले एवढंच भेटलं. तुह्यंच आहे, ठेव." ती शालीसकट पलीकडे गेली. हेही मला तिनेच सांगितलं, पण त्या दिवशी वांगी तोलताना नाही. दुकान आवरल्यावर.

त्याच पावसाळ्यात त्यांना ताप भरला, तो छातीत उतरला. अकोल्याच्या दवाखान्यात ते वारले. मी जवळ होतो. गावाकडून त्या दिवशी कुणाला येता आलं नाही, रपट्यावर पाणी होतं.

उमेदवाराचा अंतिम हिशेब तपासणीला आला तेव्हा दुभाष्याचा रकाना तसाच कोरा होता. मी चित्रफीत पुन्हा लावली, मंचावरच्या वस्तू पुन्हा मोजल्या आणि जे खरोखर दिलं गेलं ते लिहिलं. शाल, नग एक. दरपत्रकाप्रमाणे दोनशे रुपये. कुणाला दिली: दुभाषी.

दोर अजून बाभळीला बांधलेला आहे. पावसाळ्यात कमलाबाई एकटीच तो धरून उतरते. सांबार भिजू नये म्हणून टोपलीवर ती शाल टाकलेली असते.