पांढऱ्या शर्टाचा कँडिडेट

अमरावतीत माझी अभ्यासिका आहे. इंग्रजीचा मास्तर म्हणून निवृत्त झालो आणि स्पर्धा परीक्षांच्या पोरांना बसायला खुर्च्या मांडल्या. पोरं येतात, दोन-तीन वर्षांत कुठेतरी लागतात नाहीतर कंटाळून जातात. गोपाल मात्र अकरा वर्षं खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर बसला. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, दोनदा हात हलवत परत आला. मुलाखतीसाठी शिवलेला पांढरा शर्ट इस्त्री करून तिथेच खिळ्याला टांगलेला असायचा. नवी पोरं त्याला ‘कँडिडेटभाऊ’ म्हणायची. मला त्यांचा राग यायचा. पण मी तरी काय करत होतो? “यंदा जरा नेट लाव,” एवढंच दरवर्षी म्हणायचो.

यंदा त्याची वयाची मर्यादा संपली. शेवटचा निकाल लागला, यादीत नाव नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गोपाल हजर. पुस्तक उघडं, पण पान काही उलटेना. गावात तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती. घरी जा म्हणायला माझी जीभ रेटेना.

आठवड्याने त्याची आई सत्यभामाबाई आली. ती पातूरच्या बाजारात भाजी विकते. गोपाल चहाला गेला होता. पिशवी खाली ठेवत तिनं मलाच विचारलं, “सर, कँडिडेट म्हंजे काय हो? फारमवर तेच लिवलं राह्यते. मी साऱ्या गावाले सांगत आली, पोरगा कँडिडेट हाय म्हून.”

मला आता धीर देण्याचाही कंटाळा आला होता. खरं तेच सांगितलं.

“माय, ते पद नाही. लॅटिनमधला शब्द आहे, त्याच्या मुळाशी ‘पांढरा’. जुन्या रोममध्ये पद मागणारी माणसं अंगावरच्या कपड्याला खडू चोळत आणि पांढरीशुभ्र होऊन लोकांपुढे फिरत. ते कँडिडेट. म्हणजे नुसता मागणारा. मिळालेला नाही.”

ती खिळ्यावरच्या शर्टाकडे बघत राहिली. कॉलर पिवळी पडली होती.

“अन् ज्याले नाही भेटलं, तो काय करे?”

उभ्या नोकरीत शब्द शिकवले, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. “ते पुस्तकात नाही,” मी म्हणालो.

“घरी जात असन,” ती म्हणाली. “त्यालेई माय असनच न.”

तिनं शर्ट काढला, घडी करून पिशवीत घातला. तेवढ्यात गोपाल दारात आला.

“आई, तो इंटरव्ह्यूचा शर्ट आहे.”

“धुवाले नेतो. चाल, तू बी चाल.”

तो आपल्या खुर्चीपाशी गेला. मग पुस्तक मिटून लहान पोरासारखा रडला. अकरा वर्षांत त्याला कोणीतरी पहिल्यांदा ‘चल’ म्हटलं होतं. रोज समोर मीच बसत होतो. ते मी म्हणायला हवं होतं.