रोज सकाळची ती ओळ

"तिला विचारू ना. इंग्लिश मीडियमची आहे, ती वाचेल बरोबर."

प्रयोगशाळेचे सर हे माझ्याबद्दल बोलत होते, पण माझ्याशी नाही. बाकावर देठांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एका बागायतदाराला ते धीर देत होते. मी आतल्या खोलीत वजनकाट्यापाशी उभी होते आणि आपल्याला कोणी हाक मारू नये असं मला वाटत होतं.

इंदिरानगरमधल्या या छोट्या प्रयोगशाळेत मला कामाला लागून दोन महिने झाले होते. आम्ही माती, पाणी आणि द्राक्षाच्या पानांचे देठ तपासायचो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेली फुलोऱ्यावर आल्या की देठांची रीघ लागते. कोणत्या वेलीला काय कमी पडतंय ते देठावरून कळतं, आणि उशीर झाला तर कळून उपयोग नसतो. त्या दुपारी लाईट जाऊन आली. सगळे रिझल्ट ज्यात साठवलेले होते तो जुना कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना काळ्या पडद्यावरच अडकून बसला.

मी कॉम्प्युटरपाशी गेले. पांढऱ्या ओळी वर सरकत होत्या. त्यात एक ओळ येऊन थांबली: आय-ओ एरर, एफडी झीरो, सेक्टर झीरो. सेक्टर झीरो म्हणजे डिस्कची पहिलीच जागा, एवढं मला ठाऊक होतं.

"डिस्क वाचता येत नाहीये," मी म्हटलं. "खराब होत असावी बहुतेक."

'बहुतेक' मी इतकं हळू म्हटलं की ते माझ्यापाशीच राहिलं. दोन-तीन मिनिटांनी कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला. लाईट गेल्यामुळे तो आपली आपण तपासणी करत होता म्हणून वेळ लागला, हे मला नंतर समजलं. तोवर सर मावशींकडे वळले होते.

मावशी पेठ तालुक्याकडच्या. प्रयोगशाळा निघाली त्या वर्षापासून इथे कामाला. सकाळी कुलूप उघडणं, देठ धुणं, वाळवणं, आणि कॉम्प्युटर सुरू-बंद करणं त्यांच्याकडे. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली सेफ्टी पिनेने त्यांच्या कमरेला असायची. सरांनी त्यांना विचारलं, संध्याकाळी तुम्ही थेट भिंतीवरचं बटण बंद करता का? मावशी म्हणाल्या, नाय सर, आधी पडद्यावरचं बंद करते, मग बटण. सर ओरडले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत. ते एवढंच म्हणाले की यापुढे कॉम्प्युटरला मावशींनी हात लावू नये, हिला कळतं, ही बघेल. मावशींनी पिन काढली आणि किल्ली माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती.

मला गप्प राहायची सवय आहे. शाळेत सगळं इंग्रजीत झालं. घरी मराठी बोलतो, पण आकडे माझे कच्चे. शेतकरी फोन नंबर सांगताना 'एकोणसाठ' म्हणाला की माझं पेन थांबायचं. पहिल्याच आठवड्यात मावशींच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून त्या टेबलाशेजारी देठ पुसत उभ्या राहायच्या आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणायच्या, "पाच नऊ." मी लिहायचे. माझी अडचण दोन महिन्यांत त्यांनी कोणाला कळू दिली नव्हती. मलाही बोलून दाखवली नव्हती.

किल्ली घेतली त्या दुपारीही एका शेतकऱ्याने 'एकोणऐंशी' म्हटलं. मी थांबले. शेजारून आवाज आला, "सात नऊ." नेहमीसारखाच. मला तेव्हा मान वर करता आली नाही.

त्या संध्याकाळी कॉम्प्युटर मी स्वतः बंद केला, अगदी नियमाने. सकाळी सुरू केला तर तीच ओळ. एफडी झीरो, सेक्टर झीरो. मी आणखी दोनदा बंद-चालू करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. मावशी दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, ही ओळ आधी कधी पाहिलीत?"

"ही लांबडी ना? रोज येती. मी तेवढ्यात देवाला उदबत्ती लावून घेते. ती येऊन गेली की उठतं बघा मशीन."

"मग काल सरांना सांगितलं का नाही?"

"तुम्ही वाचून सांगितलं ना मॅडम. मला काय वाचता येतं." आणि मग हसून, "मी आपली तिची लांबी ओळखते."

एवढ्या वर्षांत ती ओळ रोज पाहणारं एकच माणूस त्या खोलीत होतं, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे तिथे पोचायचो तोवर मशीन उठलेलं असायचं.

मी फोनवर शोधलं. एफडी म्हणजे फ्लॉपी, पूर्वीच्या पातळ चौकोनी डिस्क वाचायचं यंत्र. रिझल्ट ज्या डिस्कवर होते तिचं नाव वेगळंच होतं, आणि ती एका ओळीत, कसलीही कुरकुर न करता, आपली हजेरी लावून गेली होती. ती ओळ मी वाचलीच नव्हती. एरर दिसला आणि मी तिथेच थांबले होते. मी खाली वाकून कॉम्प्युटरचा डबा पाहिला. पुढच्या बाजूला फ्लॉपीची खाच होती, तिच्यामागे काहीच नव्हतं. कोणीतरी कधीतरी फ्लॉपी काढून भोकावर पुठ्ठा चिकटवला होता. दरवर्षी खंडेनवमीला मावशी त्या पुठ्ठ्यावरच हळदकुंकू लावायच्या, कारण सपाट जागा तेवढीच. त्याचे थरावर थर साचले होते. आतल्या सेटिंगमध्ये मात्र फ्लॉपी आहे असंच लिहिलेलं राहिलं होतं. म्हणून कॉम्प्युटर रोज सकाळी तिला हाक मारायचा, उत्तर आलं नाही की एरर लिहायचा, आणि पुढे कामाला लागायचा.

मी सेटिंगमधून फ्लॉपी काढली. पुन्हा सुरू केल्यावर ती ओळ आली नाही.

सर नवी डिस्क घेऊन साडेदहाला येणार होते. पडदा स्वच्छ पाहिला असता तर त्यांनी मला शाबासकी दिली असती. दुरुस्त केलं, एवढंच म्हटलं तरी पुरलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. फक्त मावशींनी बिघडवलं आणि मी दुरुस्त केलं, असं कायमचं होऊन बसलं असतं. मावशींनी तेव्हाही काही म्हटलं नसतं, याची मला खात्री होती, आणि तीच खात्री मला बोचत होती.

मी सेटिंग पूर्वीसारखं केलं. ओळ परत आणली.

सर आले तेव्हा बाकावर चौघं-पाच जण होते. एवढ्या लोकांसमोर मी तिथे कधी तोंड उघडलं नव्हतं. मी कॉम्प्युटर त्यांच्यासमोर सुरू केला, ओळ येऊ दिली, बोटाने दाखवली. मावशी ओल्या हातांनी मोरीपाशी थांबल्या होत्या. मी किल्ली टेबलावर, मावशींच्या बाजूला ठेवली. या वेळी माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"सर, डिस्क चांगली आहे. ही ओळ रोज येते, मावशींना ते माहीत होतं. चुकीचं मी वाचलं."