शिफारशीच्या जागा

"हे तर आपल्याकडच्या कोट्यासारखंच झालं, यार. हिला विचारा. हिचा सब्जेक्ट आहे."

श्रीरंग हे मराठीत बोलला. भर मीटिंगमध्ये, माझ्याकडे बोट करून. टेबलाभोवतीचे मराठी लोक हसले. माझ्या शेजारच्या डेस्कवरची अमेरिकन सहकारी, केली, तीही हसली, कारण सगळे हसत होते. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिने माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली.

मी पडद्यासमोर उभी होते. हातात रिमोट. पुढची स्लाइड लावली.

हर्नडन, व्हर्जिनिया. साल २००६. जुनी सरकारी कागदपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर आणणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कामाला होते. श्रीरंग माझा मॅनेजर. पुण्याचा. पहिल्या दिवशी मी त्याला सर म्हणाले, तर म्हणाला, "सर-बिर सोड. अमेरिका आहे ही. इथे सगळे सारखे."

माझं काम प्रत्येक कागद वाचून त्याचा गोषवारा लिहिण्याचं. आधी नागपुरात एका दैनिकात उपसंपादक होते, मग इथे येऊन ग्रंथालयशास्त्र शिकले. तेव्हा आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या कर खात्याचे नोकरीचे अर्ज आले होते. यादवी युद्ध चालू होतं, सरकारला पैसा हवा होता, म्हणून देशभर कर गोळा करणारं खातं घाईघाईने उभं केलं गेलं. वॉशिंग्टनला एक आयुक्त. देशाचे जिल्हे पाडलेले. प्रत्येक जिल्ह्यात कर ठरवणारा एक, वसूल करणारा एक, हाताखाली मदतनीस आणि कारकून. परीक्षा नव्हती. शिफारस होती.

मीटिंगमध्ये मी तेच समजावत होते. अर्जाला खासदाराचं पत्र जोडलेलं असायचं. हा माझ्या बहिणीचा मुलगा. हा आपल्या पक्षाचा. याने निवडणुकीत आपलं काम केलं. काम येतं की नाही याबद्दल एखादी ओळ. तीही शेवटी.

मामा खासदार असलेल्यांना जागा मिळाल्या, हे मी सांगत होते. आणि श्रीरंगला त्यात आरक्षण दिसलं. ही चूक आपलीच माणसं करू शकतात.

त्याला माझ्याबद्दल कळलं कसं, तेही सांगते. आदल्या रविवारी त्याने टीमला घरी जेवायला बोलावलं होतं. त्याची बायको मेधा ताटं मांडता मांडता विचारत होती.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

वस्ती सांगितली.

"तसं नाही हो. म्हणजे ओरिजिनली?"

"आम्ही बौद्ध."

हातातली वाटी क्षणभर थांबली. "अय्या, वाटत नाही हं तुमच्याकडे बघून!"

श्रीरंग म्हणाला, "ग्रेट. खूप प्रोग्रेस केलीत तुम्ही लोकांनी."

मग विषय स्नोकडे गेला. मी जेवले. थँक्यू म्हणाले. गाडी काढून घरी आले.

त्या मीटिंगमध्येही गप्प बसले. कारण साधं होतं. व्हिसा कंपनीच्या नावावर. ग्रीन कार्डचा अर्ज श्रीरंगच्या शब्दावर पुढे सरकणार होता. नोकरी गेली की देश सोडायचा. त्याला हे माहीत होतं. म्हणून तो हसू शकत होता.

जागेवर परत आले आणि पुढचा अर्ज उघडला. एका काळ्या माणसाचा. सुंदर अक्षर, नेमकी भाषा. कारकुनाची जागा मागितली होती. कोपऱ्यात वेगळ्या हाताने एक शब्द लिहिला होता: निरोप्या. म्हणजे कारकुनी नाही, शिपायाची जागा. कारण दिलेलं नव्हतं. देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. मी गोषवारा लिहिला: कारकुनाच्या जागेसाठी अर्ज, निरोप्या म्हणून शेरा. एवढंच. पण त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

काही आठवड्यांनी टीममध्ये एक जागा निघाली. उमेदवारांना एक जुनं हस्तलिखित वाचून गोषवारा लिहायला दिला होता. सगळ्यांत चांगला लिहिला होता अमरावतीच्या एका मुलाने. फोनवरच्या मुलाखतीत श्रीरंगने त्याला गाव विचारलं. गावात कुठे, तेही विचारलं.

मग मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"पोरगा हुशार आहे, नो डाउट. पण टीममध्ये फिट नाही होणार. मेधाचा मावसभाऊ आहे ना, तो बरा वाटतो मला. तू त्या अमरावतीवाल्याचं फीडबॅक लिही. नॉट अ कल्चरल फिट. तू लिहिलंस तर बरं दिसेल."

तू लिहिलंस तर बरं दिसेल.

कोट्याचा विनोद मी गिळला होता. ‘तुम्ही लोकांनी’ गिळलं होतं. हे गिळता येत नव्हतं. आता त्याला माझं गप्प बसणं पुरत नव्हतं. त्याला माझा हात हवा होता.

मी म्हणाले, "नाही लिहिणार."

"अगं, एवढं काय त्यात? फॉर्मॅलिटी आहे."

"मग तुम्ही लिहा. आणि खरं कारण लिहा. मावसभाऊ."

"तू पर्सनली घेतेयस."

"त्या दिवशी मीटिंगमध्ये कोटा म्हणालात ना? तो हा. खासदाराच्या भाच्याचा होता, आता मेधाच्या मावसभावाचा आहे. आमचा कोटा कायद्यात लिहिलेला आहे, उघड आहे. तुमचा दार लावून चालतो."

तो लाल झाला. दार त्यानेच उघडलं.

मी फीडबॅक लिहिलं: निवड करावी. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. मग एचआरला इंग्रजीत तक्रार दिली. एचआरच्या बाईंनी शांतपणे ऐकलं. जात म्हणजे धर्म का, असं विचारलं. मी समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, हा तुमच्या कम्युनिटीचा आपसातला प्रश्न दिसतो.

मावसभाऊ लागला. माझा ग्रीन कार्डचा अर्ज बजेटच्या नावाखाली थांबला. वर्षअखेर माझी जागा कॅन्सल केली. टीममधल्या एकाने पार्किंगमध्ये गाठून विचारलं, "कशाला पंगा घेतलास यार? दोन वर्षं गप्प बसली असतीस तर कार्ड हातात असतं."

असतं. त्या पोराच्या नावावर काट मारून.

मला दुसरी नोकरी मिळेल किंवा मिळणार नाही. नागपूरला परतावं लागलं तर परतेन. मला बाहेर काढण्याची ताकद तुमच्यात आहे, ती तुम्ही वापरली. पण आमच्यातल्याला बाहेर ठेवायला आमचाच हात तुम्हाला मिळणार नाही. आणि यापुढे ज्या टेबलावर माणसं निवडली जातील आणि मला तिथे बसायला मिळेल, तिथे मी प्रत्येक नावामागे एकच प्रश्न विचारणार आहे. मोठ्याने, सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत. हा कुणाचा कोण लागतो?