चिमणी अकरा वाजता सुटते

तान्ह्या बाळांपेक्षा हट्टी असं माणूस अख्ख्या बडोद्यात एकच आहे, आणि ते नेमकं आमच्या मंडळींची मावशी म्हणून माझ्या वाट्याला आलं. मावशींची हयात स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात. यांनी मांडवीजवळच्या एका वाचनालयात दर शनिवारी तान्ह्या मुलांना मराठीतून गोष्ट सांगायचं काढलं. बाळं मांडीवर, मांड्या आईच्या, आजीच्या नाहीतर सांभाळणाऱ्या बाईच्या. सतरंजी अंथरायला जावई, म्हणजे मी.

अकराचा ठोका पडला की, "बाळांनी आणि बाळांना घेऊन आलेल्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," असा पुकारा व्हायचा आणि रडणारी पोरंही दचकून गप्प बसायची. एकदा लग्नसराईत कुणीच आलं नाही, तर मावशींनी रिकाम्या सतरंजीला अख्खी गोष्ट सांगितली. मी म्हटलं, "ऐकायला कोणी नाही, मावशी." म्हणाल्या, "जावईबापू, प्रवासी नाहीत म्हणून गाडी रद्द करतात का?" मग मीच ऐकली. गोष्ट वाईट नव्हती.

वाचनालयाच्या सेक्रेटरींना मात्र हा प्रकार खपेना. ते आमच्यातलेच, पण घराबाहेर पडले की जीभ अर्धी गुजराती. "मावशी, आपली पोरं आता घरीपण मराठी बोलत नाहीत. गुजरातीमां करो नी. नाहीतर दिवाळीनंतर हॉल इंग्लिशच्या क्लासला देऊन टाकू. आणि ही तर अजून बोलतच नाहीत, यांना गोष्ट कशाला?"

"बोलायला लागल्यावर माणसं ऐकतात कुठे?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्याकडेच बघत राहिल्या.

पुढच्याच शनिवारी मुद्दाम चिमणीची गोष्ट. मावशींनी चित्र वर धरलं, "ही चिमणी." शेजारच्या पोळातल्या, म्हणजे इथल्या जुन्या गल्लीतल्या, एक गुजराती बा नातवाला घेऊन सावलीला म्हणून येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आ तो चकली कहेवाय, बेन." मावशी ताडकन म्हणाल्या, "चकली तुमच्याकडे उडते, बा. आमच्याकडे तळतात." बा पोट धरधरून हसल्या. तिकडे एक मराठी आजी नातवाला चकलीचा तुकडा चघळायला देऊनच आल्या होत्या; तो तुकडा हातोहात सगळ्यांना दाखवण्यात आला. त्या दिवसापासून बांनी एकही शनिवार चुकवला नाही, आणि मावशींनीही चिमणी काही सोडली नाही.

दिवाळीआधीच्या शनिवारी सेक्रेटरी डोकी मोजायला जातीने हजर. मराठी घरांतली बाळं आली तीन. मावशींनी घड्याळ पाहिलं आणि वेळेवर पुकारा केला. तेवढ्यात दारातून बा शिरल्या, त्यांच्या मागे सगळा पोळ, प्रत्येकीच्या कडेवर एकेक पोर. सतरंजी पुरेना.

"पण मावशी, ही तर गुजराती बाळं," सेक्रेटरी कुरकुरले.

"त्यांचं अजून ठरलेलं नाही," मावशी म्हणाल्या आणि गोष्ट सुरू केली. हॉल आमच्याकडेच राहिला.

या हिवाळ्यात मावशींच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता गोष्ट बा सांगतात. मराठीतच सांगतात; क्रियापदं हवी तशी घसरतात, पण चिमणीला चिमणीच म्हणतात. मावशींनी आयुष्यभर मला राबवलं, आणि तरी त्यांचा आवाज गेल्यापासून मला करमत नाही. गेल्या शनिवारी सतरंजी अंथरून मी तसाच नागरवाड्यात त्यांच्याकडे गेलो. तब्येतीचं विचारायला तोंड उघडलं, तर बोट वर करून त्यांनी मला गप्प केलं. नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. अकरा वाजले. उरलासुरला आवाज गोळा करून मावशी म्हणाल्या, "सुटली."