उगमबाईंचा पी.पी. नंबर

मंचरच्या बाजारपेठेत बन्सीलालशेठचं कापडाचं दुकान कुणालाही विचारलं तरी सापडायचं. पण भीमाशंकरकडच्या डोंगरातली माणसं शेठचं नाव घेत नसत. ती म्हणायची, 'उगमबाईचं दुकान.' शेठ गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढे पातळांच्या घड्या मोडायचे आणि कोपऱ्यातल्या काचेच्या बूथमध्ये, 'एसटीडी पीसीओ'च्या पिवळ्या पाटीखाली, त्यांची बायको टेलिफोनपाशी बसायची. कापड काय, लोक कुठूनही घेत. फोनसाठी मात्र सगळे हिच्याकडेच येत.

त्या काळी डोंगरातल्या कुठल्याही वाडीत लग्न निघालं की पत्रिकेच्या तळाशी एक नंबर छापलेला असायचा आणि त्याच्यापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन आमचा नाही, दुसऱ्याचा आहे. तिथे लावा, तो आम्हाला सांगेल. नवरदेव वेगळे, मुहूर्त वेगळे, आडनावं वेगळी, पण नंबर तोच, उगमबाईंचा. शेठ कधीमधी कुरकुरायचे, "लगीन त्यांचं आणि घंटा आमच्या घरी." बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत.

लग्न होऊन मारवाडातून त्या मंचरला आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता. शिकल्या त्या बाजाराला उतरलेल्या डोंगरातल्या बायकांकडून, त्यामुळे 'व्हतं' आणि 'न्हाई' त्यांच्या जिभेवर पक्कं बसलं. पेठेतल्या शिकल्यासवरल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत बापड्या. त्यांच्या दारात कोण निरोप घेऊन येत होतं?

फोन आला की खरं काम पुढेच असायचं. रिसीव्हर ठेवून बाई दुकानाच्या पायरीवर येत आणि बाजारावर नजर फिरवत. पिंपळदऱ्याचा निरोप असला तर आधी भागू हमाल. हा त्याच वाडीचा, कांदा-बटाट्याच्या मार्केटात पोती उचलायचा, आणि संध्याकाळच्या एसटीने वर जाणारं कुणी ना कुणी त्याला माहीत असायचंच. एसटी चुकली तर दुधाचा टेम्पो घोडेगावापर्यंत आणि तिथून पुढे शाळेचे गुरुजी. पावसात दरड आली, गुरुजी अडकले, तर डिंभ्याच्या चहावाल्याकडे ठेवायचा, कारण वरचं माणूस तिथे टेकल्याशिवाय पुढे जात नाही. मोलाचा निरोप बाई दोन वाटांनी सोडत. एक अडला तर दुसरा पोचेल. दोन्ही पोचले तर एकाच पोराचा जन्म वाडीत दोनदा जाहीर व्हायचा, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

कुठला निरोप आधी न् कुठला मागून, हेही डोक्यात पक्कं होतं. बाळंतीण सगळ्यांच्या पुढे. मग दवाखाना, मग परीक्षेचा निकाल. माहेरी रुसून बसलेल्या सुनेचा रागाचा निरोप मात्र बाई मुद्दाम दोन दिवस दाबून ठेवायच्या. तोवर बहुधा सून सासरी परतलेली असायची.

आणि मरणाचा निरोप त्यांनी मरणाचा म्हणून कधी पाठवलाच नाही. कुणी गेलं की शब्द ठरलेले, 'तब्येत बिघडलीय, निघून या.' सगळ्या मुलखाची तीच रीत. एवढा डोंगर उतरून यायचा तर पाय उचलायला काहीतरी आधार लागतो. पुढचं जे सांगायचं ते दवाखान्याच्या दारात कुणीतरी वडीलधारं सांगायचं. बाई तिथे नसत. त्या मधल्या; निरोप पुढे गेला की त्यांचं काम संपलं. पुढे ग्रामपंचायतीत फोन आला तेव्हा तर आणखी सोपं झालं. लाइनीवर खरखर इतकी, की पलीकडून कुणी 'नक्की काय झालंय?' असं विचारलं की 'ऐकू येत न्हाई' म्हणून ठेवून द्यायचं. ती खरखर बाईंना बहिणीसारखी होती.

मग घरोघरी मोबाइल आले. बूथची पाटी उतरली आणि काचेमागे आता लेगिंग्जची खोकी रचलेली आहेत. बाईंनी सत्तरी ओलांडली, तरी दुपारी त्या खोक्यांशेजारीच खुर्ची टाकून बसतात. रस्त्याने जाणारी डोंगरातली म्हातारी माणसं अजून हात करतात, पण थांबत नाहीत. थांबायचं कारणच उरलेलं नाही. सून टीना म्हणते, "आई, आतमध्ये पंख्याखाली बसा ना." तिला काय सांगायचं, की पंख्याखाली रस्ता दिसत नाही.

शेठ गेले ते मोबाइलच्याच काळात. माल आणायला पुण्याला गेले होते. बाईंच्या हातात एका नवरीचा शालू होता, फोन वाजला, आणि कुणा अनोळखी माणसाने एका दमात सांगून टाकलं, 'आजी, बाबा गेले.' आवाज अगदी स्वच्छ आला. पुण्यापर्यंतची वाट त्यांनी कशी काढली ते त्यांनाही आठवत नाही. असं कुणावर येऊ नये, एवढं मात्र त्या तेव्हापासून देवाला सांगत आल्या.

त्या मंगळवारी सकाळी त्यांच्या मोबाइलवर सुभाषचा फोन आला. सुभाष म्हणजे भागूचा मुलगा, चाकणला कंपनीत. भागूचं पोती उचलणं कधीच सुटलं होतं, पण हंगामात तो एका आडत्याच्या वखारीची राखण करायला मंचरला येऊन राहायचा.

"काकू, दादा गेलं," सुभाष म्हणाला. बापाला तो दादा म्हणायचा. "छातीत कळ आली, मंचरच्या दवाखान्यात नेईस्तवर संपलं. मी निघालोय. आईला माझ्या तोंडनं सांगवायचं न्हाई. तुमीच सांगा. समद्यांना तुमीच सांगत आलाय."

बाईंनी डोळे पुसले आणि चिमाबाईला फोन लावला. चिमाबाई, भागूची बायको, वर पिंपळदऱ्यात. फोनमधल्या बाईने सांगितलं, नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तेवढ्यात टीनाने स्वतःचा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "आई, बघा, आलंसुद्धा." कुणा उत्साही माणसाने मार्केटच्या ग्रुपवर भागूचा हार घातलेला फोटो टाकला होता, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. चिमाबाईला वाचता येत नव्हतं. पण दिवाळीत सुभाषने तिला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता आणि नातवंडांचे फोटो बघायला ती दिवसातून दहादा तो उघडायची. हार घातलेला फोटो वाचावा लागत नाही.

"टाकणाऱ्याला काढायला सांग," बाई म्हणाल्या.

"कुणाकुणाला सांगणार? किती जणांनी पुढं पाठवलाय. पिंपळदऱ्याच्या ग्रुपवरपण गेला असणार."

बाईंनी हितेशला फोन केला. हा त्यांचा मुलगा. त्याने गावात केबल टीव्ही टाकला होता, आता घरोघरी फायबर देतो आणि टॉवरवाल्यांच्या तुटलेल्या केबल जोडायचं कामही घेतो. तो घोडेगावच्या पुढे रस्त्याकडेच्या खड्ड्यातच बसला होता. सकाळी पाइपलाइन खोदताना कुणाच्या तरी जेसीबीने केबल तोडली होती आणि वरचे टॉवर सगळे मुके झाले होते.

"दुसऱ्या वाटंनं सोड की," बाई म्हणाल्या.

"मंचर-जुन्नरला दोन वाटा आहेत, आई. एक तुटली तर दुसरीकडून फिरवतात. घोडेगावच्या वर एकच केबल आहे. अर्ध्या-पाऊण तासात जोड होईल."

"मग साठलेलं समदं एकदम वर जाईल?"

"एकदम."

बाईंनी त्याला भागूचं सांगितलं. लहानपणी भागूच्या खांद्यावर बसून त्याने आख्खा बाजार पाहिला होता. 'जरा उशिरा जोड' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण वर कुणाच्या घरी बाळंतीण अडली असेल, कुणाला गाडी बोलवायची असेल. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "पूर्वी अर्जंट कॉल असायचा. माझा फोन आधी जाईल असं काय न्हाई का करता येत?"

"तुझाच आधी, असं नाही करता येत. पण आवाजाला फोटोपेक्षा आधी वाट देतात, एवढं खरं. आवाज अडखळला की बोलणं तुटतं. फोटो थोडा मागं राहिला तर कुणाला कळत नाही. जोड होत आली की मी सांगतो. मग लावत राहा, थांबू नकोस."

तेवढ्यावर स्वस्थ बसणाऱ्यातल्या बाई नव्हत्या. एकच वाट त्यांनी आयुष्यात कधी भरवशाची धरली नव्हती. पदर खोचून त्या स्टँडवर गेल्या. वर जाणारी एसटी नुकतीच निघून गेली होती. दुधाचा टेम्पो आता त्या वाटेने जात नाही. गुरुजी मोटरसायकलने सकाळीच वर गेलेले. एका कंडक्टरला त्यांनी निरोपाचं विचारलं तर तो भला पोरगा म्हणाला, "आजी, फोन करा ना." बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. एवढा मोठा मुलूख, एकेकाळी त्याच्या सगळ्या वाटा या बाजारात येऊन मिळत होत्या, आणि आज साधे चार शब्द द्यायला ओळखीचा एक हात नव्हता. परत येऊन त्या लेगिंग्जच्या खोक्यांशेजारी बसल्या.

हितेशचा फोन आला, "लाव आता." बाई लावत राहिल्या. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आणि मग अचानक पलीकडे घंटा वाजली.

"कोन?"

चिमाबाईचा आवाज शेजारी बसल्यासारखा आला. तिच्या अंगणातली कोंबडीसुद्धा ऐकू येत होती.

"मी उगमबाई. चिमाबाई, भागूची तब्येत..." बाई म्हणाल्या, आणि पुढचा शब्द फुटेना. खरखर असती तर निभावलं असतं. आता मधे काहीच नव्हतं. आवंढा गिळला तरी वर ऐकू जाणार.

चिमाबाईने कोंबडीला हुसकावलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "तुमी कंदी उगाच फोन केलाय व्हय, शेठाणी? थांबा. म्होरं बोलू नगा. मला वाटंनं चालू द्या. खाली आल्याव सांगा. पर तुमीच सांगा, दुसऱ्या कुनाच्या तोंडनं नगं."

"मीच सांगते. स्टँडवर हुबी ऱ्हाते," बाई म्हणाल्या. "आन् ऐका. फोन संगं आणू नगा. बंद करा, घरातच ठिवा. बघूबी नगा त्याच्याकडं."

चिमाबाईने कारण विचारलं नाही. शेजारच्या बायडाबाईला सोबत घेते म्हणाली, आणि तिचाही फोन घरीच ठेवायला लावते म्हणाली.

दुपारी उगमबाई स्टँडवर जाऊन बसल्या. टीना येते म्हणाली, तिला त्यांनी येऊ दिलं नाही. चिमाबाई आता कुठवर आली असेल, डिंभ्याला की घोडेगावला, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि कित्येक वर्षांनी त्यांना ते न कळणं बरं वाटलं. पूर्वी सगळे असेच तर यायचे. फक्त तेव्हा बाई दुकानात असायच्या आणि शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जायचा. मरणाचे एवढे निरोप पाठवले, पण त्यातला एकही कुणाच्या तोंडावर त्यांनी स्वतः सांगितला नव्हता. बसमध्ये कुणी आधीच बोललं असलं तर, एवढीच एक भीती होती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात तशी आशाही होती, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

एसटी आली. बायडाबाईमागोमाग चिमाबाई उतरली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. बाईंनी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या. भाकरी हाय त्याची," चिमाबाई म्हणाली. "निघताना भाजल्या."

ती बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली. "सांगा आता."

बाई तिच्याशेजारी बसल्या. "भागू गेला, चिमा. सकाळीच."

चिमाबाईने मान हलवली. रडली नाही लगेच. पिशवीवरून हात फिरवत राहिली.

"वाटंनं समदं ठावं व्हतं मला," ती म्हणाली. "पर तुमी सांगंस्तवर त्यो व्हता."

मग दोघी उठल्या आणि बायडाबाईसोबत दवाखान्याकडे चालू लागल्या.