मामी तिन्हीसांजेला थांबत नसे

मामी कुणाच्याही घरी गेली की आधी तिथल्या जनावराचा कान हुंगायची. माणसांची खुशाली त्यानंतर. मांजर असो, कुत्रा असो, नाहीतर शेजाऱ्यांची दारात बांधलेली शेळी असो, मामी दोन बोटांनी कान उलटा करणार, नाक आत खुपसणार आणि डोळे मिटून थोडी थांबणार. आंबूस वास आला की त्या घराची खैर नसे. "कान हुंगल्याबिगर जनावराचं खरं नाई," असं ती म्हणायची. माझे वडील एकदा चेष्टेनं म्हणाले, "वैनी, माहाही कान पाहून द्या, सर्दी झाली." मामीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुमाले तोंड हाये. सांगता येते तुमाले," एवढं म्हणून ती मांजरीकडे वळली.

मामी म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या भावाची बायको. त्यांचं गाव चिमूरच्या बाजूला, जंगलाच्या कडेला. घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. मामा तलावावर मासे धरायचे. मामीला मूलबाळ नव्हतं, आणि गावातली निम्मी कुत्री-मांजरं तिचीच होती असं म्हणायला हरकत नाही. दुपारी जेवणं झाली की ती रॉकेलची वाटी घेऊन ओसरीवर बसायची. कुत्र्याच्या अंगावरची एकेक गोचीड काढून वाटीत टाकायची आणि प्रत्येक गोचिडीला वेगळी शिवी द्यायची. खरजेवर करंजाचं तेल, जखमेवर हळद. मात्र दवाखान्याची पाळी आली की ती स्वतःचं डोकं चालवत नसे. दरवर्षी आपल्या भुऱ्याला शेजाऱ्याच्या बैलबंडीत घालून ती चिमूरला इंजेक्शन द्यायला न्यायची. तिथला कंपाउंडर एकदा हसला. "बाई, गावठी कुत्र्याले कोणी आनते का इथी?" मामी म्हणाली, "मंग पिसाळल्यावर आनू का?" त्यानंतर तो मुकाट्यानं सुई उकळायला ठेवायचा.

घरात भुऱ्याच्या बरोबरीनं एक मिठूही होता. पिल्लू असताना मोहाच्या झाडाखाली पडलेला मामांना सापडला, तेव्हाच त्याचा एक पंख मोडलेला होता. मामीनं त्याला भिजवलेली डाळ चारून जगवलं, पण पंख काही धरला नाही. उडता येत नाही म्हणून तो पिंजऱ्यात, ओसरीच्या आढ्याला टांगलेला. मामी दिवसभर त्याच्याशी बोलायची, पण या पठ्ठ्यानं तिचा एक शब्द उचलला नाही. तो बोलायचा मामांचं. दिवस मावळताना मामा जाळं खांद्यावर टाकून पाळीच्या टोकाला यायचे आणि तिथूनच हाक घालायचे, "भुऱ्याऽऽ, ये बे!" भुऱ्या ओसरीवरून उडी टाकून त्यांना आणायला धावायचा. ही एक हाक मिठूनं अशी उचलली होती की मामा स्वतःच फसायचे. मामी तक्रार करायची, "चारते मी, धुते मी, अना बोलते तुमच्यावानी."

एका पावसाळ्याच्या शेवटी मामा हिवतापानं गेले.

तेरवी झाली त्या दिवशी आम्ही तिथंच होतो. पाहुणे पांगले होते. मामी ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती, भुऱ्या कितीतरी दिवसांपासून पडून असायचा तसा कोपऱ्यात पडला होता. दिवस मावळला आणि हाक आली, "भुऱ्याऽऽ, ये बे!" तोच आवाज, 'ये'वरचा तोच हेल. आई आतून धावत अंगणात आली आणि पाळीकडे पाहत उभी राहिली. मामीच्या हातातलं सूप तसंच थांबलं. भुऱ्या मात्र उठला आणि सुसाट पाळीकडे पळाला. आवाज पिंजऱ्यातून आला हे त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण त्याचे पाय रोजच्याच वाटेनं गेले. अंधार पडेपर्यंत तो पाळीवर बसून राहिला.

मग हे रोजचंच झालं. आणि त्या तलावावर बिबट पाण्याला यायचा. त्याच हिवाळ्यात गावातली कुत्री एकेक करून जाऊ लागली होती. मामीनं पिंजऱ्यावर लुगडं टाकून पाहिलं. मिठू लुगड्याआडून हाक मारायचा. भुऱ्याला बांधलं, तर त्यानं ओढून ओढून मान सोलून घेतली. घरात कोंडलं, तर दार खरवडून नखं रक्ताळली. मामी मानेला हळद लावायची, नखांना तेल लावायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका संध्याकाळी भुऱ्या पाळीवरून परत आला तो खांदा फाटलेला घेऊन. चिमूरला त्याला टाके पडले.

त्यानंतर मामी पिंजरा घेऊन आमच्याकडे घुग्घुसला आली. वडील कोळसा खाणीत होते, आम्ही खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मामीनं पिंजरा खिडकीत टांगला आणि आईला समजावून सांगितलं, "इथी कोळशाची धूळ लय हाये. दांडी ओल्या फडक्यानं पुसत जा. मिरची हिरवीच द्या. नखं वाढू देऊ नोका."

आई रडत म्हणाली, "वैनी, दादाचा आवाज हाये तो. तुमी देऊन राह्यल्या?"

"आवाजाले बिबट खात नाई, बाई. भुऱ्याले खाते."

जेवून ती दुपारच्याच एसटीनं परत गेली. पुढेही दर दोन-तीन महिन्यांनी यायची, मिठूची चोच, नखं, पिसं पाहायची, पण दिवस कलायच्या आत निघायची. "राहा ना," असं आई म्हणाली की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "आयकलं त माहा पाय निंगनार नाई." दारातून वळून मात्र विचारायची, "बोलते ना?"

"बोलते जी. रोज बोलते," आई सांगायची.

सुरुवातीला ते खरं होतं. तिन्हीसांजेला आमच्या दोन खोल्यांत मामा हाक मारायचे आणि आई कणकेचे हात तसेच ठेवून पिंजऱ्याखाली उभी राहायची. मला त्या वेळी घरात थांबवत नसे. पण हळूहळू हाक तुटायला लागली. आधी 'ये बे' गेलं, मग 'भुऱ्या'चा नुसता हेल उरला, आणि त्या हेलात केव्हातरी खाणीचा भोंगा मिसळला. कामगारांची पाळी बदलताना जो वाजायचा तोच. मग मिठू नुसता भोंगाच वाजवायला लागला, तोही इतका हुबेहूब की वडील एकदा डबा घेऊन निघाले. आम्ही हसलो, आई हसली नाही. दार लावून ती मिठूला दादाच्या आवाजात हाक शिकवायचा प्रयत्न करायची. तिचा आवाज बारीक. मिठू मान वाकडी करून ऐकून घ्यायचा आणि भोंगा वाजवायचा. मामी आली की आई तरीही म्हणायची, "बोलते जी."

भुऱ्या म्हातारा होऊन मेला. मामीच्या मांडीवर, उन्हात. महिनाभरानं मामी आली आणि दुपारची एसटी जाऊ दिली. "आज राहते मी. आता तिकडं वाट पाहनारं कोणी नाई." आईनं पिंजऱ्याकडे पाहिलं.

तिन्हीसांजेला मामी हातपाय धुऊन, लुगडं नीट करून पिंजऱ्यासमोर बसली. मिठूनं पिसं फुलवली आणि भोंगा वाजवला. मामीनं खिडकीबाहेर पाहिलं, तिला खाणीचा वाटला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ती त्याच्या चोचीकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती.

"वैनी, मी खोटं बोलली," आई कशीबशी म्हणाली.

मामीनं मिठूला बाहेर काढून हातावर घेतलं, पंख उलगडून पाहिला, नखं पाहिली. "तब्येत मस्त ठेवली तुमी याची," ती म्हणाली. "जे कानावर पडलं ते बोलून राह्यला. त्याचा का दोष?" आणि मग ती रडली. मामांच्या वेळी रडली नव्हती, एवढी. सकाळी पिंजरा घेऊन ती गावी गेली.

दिवाळीत आम्ही तिच्याकडे गेलो. खाण तिथून किती कोस लांब! आम्ही अंगणात बसलो होतो, पाळीवर अंधार उतरत होता. ओसरीवर भोंगा वाजला. गावातली कुत्री भुंकू लागली, आईनं माझा हात घट्ट धरला. मामी आत चुलीपाशी होती. तिनं लाकूड पुढे सारलं, पदर डोक्यावर घेतला आणि आतूनच ओ दिली,

"हो जी, आली."